बाकावरची मधली जागा

३ मार्च १९७८, शुक्रवार

वखारीतून दिवाळीला मिळालेली ही डायरी आजवर कोरीच होती. आज चंदनबालेनं ती माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाली, "माझ्याशी बोलत नाही, निदान हिच्यात तरी लिहा." बायकोनं एवढं म्हणायची वेळ आली, म्हणजे गेला दीड महिना मी घरात हं आणि नाही यापलीकडं काही बोललेलो नसणार.

लिहायचं तर कामाचं लिहितो. कुपवाडला आमची फर्निचरची शेड सुरू होऊन आठ महिने झाले. दारावर पाटी आहे, 'चौगुले आणि माने'. चौगुले मी, नेमिनाथ. माने म्हणजे अर्जुना. आयटीआयला आम्ही सुतारकाम बरोबर शिकलो आणि नोकरी न करता शेड टाकायची हेही बरोबरच ठरवलं. १९ जानेवारीला मिरज रस्त्यावर त्याची स्कूटर उसाच्या ट्रॉलीवर आदळली. तो जागीच गेला. पाटी बदलायला हवी. पेंटरला अजून सांगितलेलं नाही.

स्कूटर शेडचीच होती. पोलिसांनी परत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती भंगारात घातली. चंदनबाला अर्जुनाच्या बायकोबद्दल म्हणाली, "शालूवहिनींना एकदा विचारायचं तरी." मी म्हणालो, जागा अडत होती.

साताऱ्याहून एका डॉक्टरांचं पत्र आलंय. त्यांच्याकडं एक जुना बाक आहे, तो हलतो. तो पक्का करायचा आणि तसेच सहा नवे करायचे. शिरवळला ते नवा दवाखाना काढताहेत. मोठं काम आहे. बुधवारी जाऊन येतो.

८ मार्च

सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला गेलो. डॉ. खर्शीकर साठीचे, बोलायला मोकळे. बाक दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे.

बाक बघितला आणि खरं सांगायचं तर हेवा वाटला. सागाच्या सात लांब पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट, खाली तीन पाय. एवढंच. पाठ नाही, हात नाहीत, नक्षी नाही, एकही खिळा नाही. सगळे सांधे खाचेत बसवून पाचर मारलेले. कडा अशा मारल्यात की हात फिरवला तर लाकूड कुठं संपलं ते कळत नाही. एवढं साधं करायला किती यावं लागतं ते आम्हालाच ठाऊक.

डॉक्टर म्हणाले, "माझा थोरला भाऊ परदेशात इमारतींचं काम शिकून आला होता. सत्तावन्न साली त्यानं हा कागदावर काढला आणि इथल्या सुतारांकडून करून घेतला. तेव्हा लोक हसायचे, ही काय लाकडाची शिडी आडवी ठेवलीय म्हणायचे. नंतर मी वेताच्या खुर्च्या आणल्या, लोखंडी आणल्या, फोमच्या आणल्या. लोक त्या सोडून यावर बसतात. तपासून झालं तरी उठत नाहीत. कंपाउंडरला उठवावं लागतं."

"का बरं?"

"वीस वर्षं विचारतोय. बरं वाटतं म्हणतात."

बाकावर दोन्ही कडांना माणसं दाटीनं बसली होती. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. माप घ्यायचं म्हणून मी तिथं टेकायला गेलो तर शेजारची म्हातारी म्हणाली, "तितं नगं, हिकडं सरते मी."

"कोणी बसलंय का इथं?"

"हाय की," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून तिचीच तिला गंमत वाटल्यासारखी हसली. "काय बाई म्हनलं मी. बसा की." पण ती सरकली ती सरकलीच. मी उभ्यानंच माप घेतलं.

डॉक्टरांनी भावानं काढलेला नकाशा दिला. बाक ट्रकनं पाठवतो म्हणाले. पंधरा एप्रिलपर्यंत सगळं परत हवं.

१३ मार्च

बाक आला. उतरवून शेडच्या पुढच्या बाजूला, कडुनिंबाखाली ठेवला. तपासला. हलतो त्याचं कारण सापडलं. नकाशात तिन्ही पायांना पाचर आहे. कडेच्या दोन पायांना ती आहेही. मधल्या पायाला पाचरेची खाच केलेली आहे आणि खाच रिकामी आहे. पडली म्हणावी तर आत लाकूड दबल्याची खूणच नाही. ती कधी मारलीच नव्हती.

म्हणजे इतकं निगुतीनं काम करणारा सुतार एक पाचर विसरला. पाच मिनिटांचं काम. आधी नवा एक करून बघू, मग याला हात लावू.

१८ मार्च

नवा पहिला बाक झाला. तिन्ही पाचरा मारल्या, हत्ती बसला तरी हलणार नाही. ज्ञानू मिस्त्रीनं पॉलिशही झकास केलंय. ज्ञानू आमच्याकडचा सगळ्यांत जुना कारागीर, पन्नाशीचा. दोन्ही बाक शेजारी ठेवले तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही.

पण दुपारी जेवायला सगळे जुन्यावरच बसले. पाच माणसांच्या बाकावर चौघं, दोन या कडेला, दोन त्या कडेला. मी म्हणालो, "ज्ञानूदा, नव्यावर बसा की." तो उठला, नव्यावर बसला, दोन घास खाल्ले आणि डबा घेऊन परत जुन्यावर गेला.

"का हो?"

"काय न्हाई मालक. त्यो नुसता बाक हाय."

२१ मार्च

शालूवहिनी आल्या. शालूबाई, अर्जुनाची बायको. मूल नाही. इथंच कुपवाडला खोलीवर राहतात. अर्जुनाचे वडील कोंडीबा कोरेगावकडच्या गावाहून दोनदा न्यायला येऊन गेले, या गेल्या नाहीत. का ते कुणाला सांगत नाहीत.

अर्जुनाची हत्यारांची पेटी न्यायला आल्या होत्या. मी आत पेटी शोधत होतो तोवर त्या बाकावर टेकल्या. पेटी आणून दिली. त्या म्हणाल्या, "असूद्या. बसते जरा." चार वाजले होते. सहा वाजता उठल्या. पेटी तिथंच राहिली.

आम्ही जैन, मला दिवस मावळायच्या आत घरी जेवायचं असतं, त्यामुळं त्या उठेपर्यंत जीव टांगणीला. पण उठा कसं म्हणायचं. खरं म्हणजे त्यांच्यासमोर मला उभंच राहवत नाही. विधवा बाईसमोर कुणालाही तसं होत असेल.

२५ मार्च

वहिनी रोज चारला येतात. बाकाच्या डाव्या कडेला बसतात. आज खिडकीतून बघितलं. उजवा हात शेजारच्या मोकळ्या जागेवर पालथा ठेवला होता आणि तोंडानं काहीतरी हळू बोलत होत्या. थांबायच्या, ऐकल्यासारखी मान हलवायच्या, परत बोलायच्या.

मी बाहेर गेलो तेव्हा वर बघून त्यांनी विचारलं, "भावजी, त्या दिशी मिरजंला तुमी जानार व्हता न्हवं?"

"हो. पण वखारीचा माणूस येणार होता, म्हणून मी थांबलो."

"आला व्हता?"

"नाही आला."

"हं," म्हणाल्या आणि परत समोर बघायला लागल्या. बिचाऱ्यांचं मन तिथंच फिरतंय.

२७ मार्च

आज मोजून बघितलं. मनात शंका ठेवून मला काम करता येत नाही.

बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यांखाली दोरा ताणला आणि मध्ये मापाची पट्टी लावली. पाचर नसल्यामुळं मधला सांधा सैल आहे. बाकावर कडेला कुणीही बसलं की मधल्या पट्ट्या किंचित खाली येतात. ज्ञानू बसला तर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बसणाऱ्याला वाटतं, शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. आपण हललो की तेही हलतं. एकट्या माणसाला सोबत वाटते. हेच कारण. वीस वर्षं डॉक्टरांना सापडलं नाही ते मला दोऱ्यानं दोन मिनिटांत सापडलं. बरं वाटलं. चहा मागवला.

चारला वहिनी आल्या. दोरा तसाच होता. त्या बसल्या तेव्हा एक सूत. थोड्या वेळानं पट्ट्या आणखी खाली गेल्या. चार सूत. त्या हलल्यासुद्धा नव्हत्या.

त्या गेल्यावर मी मधल्या जागेवर लाकडाचे ठोकळे ठेवत गेलो. चार सूत खाली यायला दीड मण वजन लागलं, एका माणसाचं असतं तेवढं.

ऊन होतं. लाकूड उन्हानं हलतं. असं मी ज्ञानूला म्हणालो. त्यानं रंधा उचलला आणि आत गेला.

२८ मार्च

आज चार सूत. वहिनी उठून गेल्यावरही पट्ट्या वर आल्या नाहीत. मी घड्याळ लावून उभा होतो. अकरा मिनिटांनी आल्या, एकदम नाही, एखादा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो तशा.

वहिनींनी आज विचारलं, "बिरेकची वायर किती दिस टिकती वो?"

मी सांगितलं, वर्षभर सहज.

"आन तुटत आली तर कळतं?"

"चालवणाऱ्याला कळतं."

बायकांना यंत्रांची चौकशी कशाला हवी असते कोण जाणे. कोणीतरी काहीतरी डोक्यात भरवलं असेल. जेवण गेलं नाही. चंदनबाला पानाकडं बघत बसली होती.

३० मार्च

परत साताऱ्याला जाऊन आलो. डॉक्टरांकडून बाक करणाऱ्या सुताराचा पत्ता घेतला. आकाराम मिस्त्री, चिमणपुऱ्यात राहतात. पंचाहत्तरीचे असतील. डोळे गेलेत. मी बाक म्हणाल्याबरोबर त्यांनी सुनेला आत जायला सांगितलं.

मी विचारलं, "मिस्त्री, मधल्या पायाची पाचर विसरली का?"

"इसरलो न्हाई. ऱ्हायली." थोडं थांबून म्हणाले, "त्यो बाक आमी दोघांनी केला. म्या आन माजा धाकला भाऊ केरबा. पाचरा माराय त्येचा हात चांगला. दोन कडंच्या मारल्या आन जरा बसतो म्हनाला. बसल्या जागी गेला. तिसरी पाचर त्येच्या हातात व्हती, तासलेली."

"मग तुम्ही का नाही मारली?"

"ती त्येची व्हती. म्या माहुलीला राखंबरूबर नदीत सोडली."

म्हाताऱ्याचं संपलं नव्हतं.

"त्या दिशी सकाळी त्यो म्हनत व्हता, आबा, छातीत दुखतंय. म्या म्हनलं, सायेब सांजंला बाक बगाय येनार हायत, तेवडा संपीव, मंग दवाखान्यात जाऊ. हे म्या कुनाला सांगितलं न्हाई. त्येच्या बायकूला बी न्हाई."

"तुम्ही नंतर त्या बाकावर बसलात कधी?"

"एकडाव. डोळं दाखवाय गेलतो. बसलो तर शेजारी टेकला. त्येच्या अंगाला लाकूड चिटकवायच्या सरसाचा वास असायचा, त्योच. काय बोलला न्हाई. वाट बगत बसला, म्या कवा बोलतोय म्हनून. म्या उठलो. डोळं न दाखवता घरी आलो. परत गेलो न्हाई." मग त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला केलं. "तुमी बसलाय का त्येच्यावर?"

"नाही."

"का वो?"

एस.टी.ची वेळ झाली म्हणून मी उठलो.

१ एप्रिल

आकाराम मिस्त्रींचं वय झालंय, हे त्यांच्या मनाचे खेळ. ठरवलं. पाचर मारायची, बाक पक्का करायचा, आठवड्यात साताऱ्याला पाठवून द्यायचा. वहिनींची तब्येत उतरलीय. चंदनबाला म्हणते त्या जेवतही नाहीत, चार वाजायची वाट बघत असतात. त्यांच्या भल्यासाठीच बाक इथून गेला पाहिजे. त्यांच्या भल्यासाठी.

सागाची पाचर तासली. नकाशाबरहुकूम.

४ एप्रिल

आज अक्षर वाईट येईल.

वहिनी आज आल्या नाहीत, त्यांच्या मावसबहिणीकडं काही होतं. म्हणून चारला मीच पाचर मारायला घेतली. मधला सांधा खालून आहे, म्हणून बाकाखाली उताणा झोपलो. वर सात पट्ट्या, मधल्या सहा फटींतून ऊन येत होतं, कडुनिंबाची पानं दिसत होती. पाचर खाचेवर धरली. ठोकायची लाकडी मोगरी उचलली.

फटींतलं ऊन गेलं. सगळीकडचं नाही. मधल्या जागेवरचं, एक माणूस बसल्यावर झाकेल तेवढंच. डावीकडं ऊन, उजवीकडं ऊन, माझ्या तोंडावर सावली. आणि पट्ट्या खाली आल्या. हळू आल्या. पाचर धरलेल्या माझ्या बोटांना टेकल्या.

मला वाटलं ज्ञानू बसला. मी म्हणालो, "ज्ञानूदा, उठा, खाली मी आहे." ज्ञानूनं आत शेडमधून ओ दिली. तो रंधा मारत होता, त्याचा आवाजही चालू होता.

मी मान वळवून बघितलं. बसलेल्या माणसाचे पाय दिसायला पाहिजे होते. पाय नव्हते. नुसती माती आणि पाला.

किती वेळ तसा पडून होतो सांगता येत नाही. मग सुपारीचा वास आला. भाजकी सुपारी, अर्जुना तोंडात धरायचा ती. मी ओरडलो नाही. ओरडायला यायला हवं होतं. सरपटत बाहेर आलो तेव्हा बाकावर कोणी नव्हतं आणि पट्ट्या खालीच होत्या.

पाचर मारलेली नाही.

५ एप्रिल

शेडला गेलो नाही. ताप आहे असं घरी सांगितलं. ताप नाही.

६ एप्रिल

लिहून टाकतो. एवढे दिवस डायरीत लिहितोय आणि जे लिहायला पाहिजे ते सोडून बाकी सगळं लिहिलं.

१९ जानेवारीला सकाळी स्कूटर मी आणली होती घरून, विश्रामबागेतून. वाटेत मागचा ब्रेक सैल लागला. शेडमध्ये येऊन बघितलं तर वायर तुटत आलेली, दोन धागे शिल्लक. मी तांब्याच्या बारीक तारेनं ती बांधली. संध्याकाळी नवी टाकू म्हणालो, मनातच. मिरजेला मी जाणार होतो. मला त्या स्कूटरवर तेवढं लांब जायची भीती वाटली. हे खरं आहे. वखारीचा माणूस येणार नव्हता. मी अर्जुनाला म्हणालो, तू जा, मला इथं काम आहे. वायरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग तू का पाठवतोस मला.

बातमी आली तेव्हा पोलिसांच्या आधी मी पोचलो. लोक त्याच्याभोवती होते. मी स्कूटरपाशी बसलो, तांब्याची तार सोडवली आणि खिशात घातली. मग त्याच्याकडं गेलो. हा क्रम मी विसरू शकत नाही. आधी तार, मग तो. पंचनाम्यात वायर अपघातात तुटली असं आलं. तार मी कृष्णेत टाकली. बघायला कोणी नव्हतं.

चंदनबालेलासुद्धा सांगितलेलं नाही.

७ एप्रिल

चारला वहिनी आल्या आणि डाव्या कडेला बसल्या. मी शेडच्या दारात उभा होतो. आज पहिल्यांदा त्या बाकावर बसलो. उजव्या कडेला. मध्ये जागा राहिली.

लाकूड कोमट होतं. काही वेळ काहीच झालं नाही. वहिनी समोरच्या रस्त्याकडं बघत होत्या. कामावरून सुटलेले लोक सायकलींवरून चालले होते. मग माझ्या डावीकडं, मधल्या जागेवर पट्ट्या खाली गेल्या. अर्जुना असाच बसायचा, दमून, एकदम भार टाकून. मी तिकडं बघितलं नाही. वहिनींनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरातलं माणूस वेळेवर आलं की बायका जसं बघतात तसं बघितलं आणि पदर सावरून घेतला.

मी म्हणालो, "वहिनी, एक सांगायचंय."

"सांगा."

मी सांगितलं. काल लिहिलं तेच, त्याच क्रमानं. वखारीचा माणूस, वायर, माझी भीती. तारेपाशी आलो तेव्हा उठून जावंसं वाटलं. तरी सांगितलं.

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तीन वेढं घातलं व्हतं तारंचं. आन टोक आत दुमडलं व्हतं, हाताला लागू नये म्हनून."

हे मी सांगितलं नव्हतं. हे मी कालसुद्धा लिहिलेलं नाही. लिहायला आठवलंही नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मला माझी बोटं आठवली, टोक दुमडताना.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ह्यांनी सांगितलं. हितं बसाय लागल्याच्या दुसऱ्याच दिशी."

"मग तुम्ही रोज कशाला येत होतात?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी नजर चुकवली नाही.

"आमी वाट बगत व्हतो भावजी. तुमी कवा सांगताय त्येची."

आमी, म्हणाल्या.

मी रडलो. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं असेल. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पालथा हात मधल्या जागेवर ठेवला, मग उचलला. मधल्या पट्ट्या वर आल्या. मी वाट बघितली, परत खाली गेल्या नाहीत.

"मी तुमास्नी माफ केलं असं समजू नगा," वहिनी म्हणाल्या. "मला अजून राग येतोय. रातभर येतोय. पन उद्यापासनं हितं येनार न्हाई. मामंजींस्नी म्हाईत न्हाई. त्येंस्नी तुमीच सांगा. म्या सांगनार न्हाई."

हत्यारांची पेटी घेऊन त्या गेल्या. जड होती. मी उचलायला पुढं झालो तर नको म्हणाल्या.

९ एप्रिल

चंदनबालेला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. संध्याकाळी पान वाढलं, पण समोर बसली नाही. जेवलो.

१२ एप्रिल

बाक आणि सहा नवे घेऊन ट्रकबरोबर साताऱ्याला गेलो. डॉक्टरांना सांगितलं, जुन्याला पाचर मारलेली नाही, मला मारता आली नाही, दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सांगितलं तर तुम्ही मलाच तपासायला घ्याल. ते हसले नाहीत. भावाचा नकाशा घडी घालून ठेवत म्हणाले, "दादा गेल्यावर मीही कधी त्यावर बसलो नाही. वेळच मिळाला नाही म्हणतो मी लोकांना."

बाक व्हरांड्यात ठेवून आम्ही सरळसुद्धा केला नव्हता, तोवर एक बाई लेकराला घेऊन येऊन कडेला बसली आणि कुणालातरी वाट करून द्यावी तशी थोडी सरकली.

१३ एप्रिल

रात्री साताऱ्यालाच राहिलो आणि सकाळी कोरेगावच्या गाडीनं अर्जुनाच्या गावी गेलो. ट्रकबरोबर परत गेलो असतो तर पुन्हा आलो नसतो, हे मला माहीत होतं.

कोंडीबा मळ्यात होते. उसाला पाणी लावत होते. पलटणीत काढलेली वर्षं अजून अंगात आहेत, ताठ उभे. मला बघून म्हणाले, "नेमू, तू व्हय. शालू कशी हाय?"

मी बांधावर उभ्यानंच सांगितलं. बस म्हणायची वाट बघितली नाही, बसलो असतो तर जमलं नसतं. ते खोऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होते. पाणी पुढच्या सरीत जायला लागलं तरी त्यांनी दारं मोडून पाणी वळवलं नाही. सरी भरून वाहायला लागली.

सांगून झालं. त्यांनी विचारलं, "त्येला ठाऊक व्हतं का वायरचं?"

"नाही. मी सांगितलं नव्हतं."

"जाताना तुला काय म्हनाला?"

"परत येताना मिरजेहून पेरू आणतो म्हणाला."

त्यांनी मान हलवली. खाली वाकून दारं मोडलं, पाणी दुसऱ्या सरीत घातलं, मग सरळ झाले.

"म्हंजी जाताना त्येच्या मनात तुझ्याबद्दल वंगाळ काय न्हवतं."

"नाही."

"बरं झालं." त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "आता माझ्या मनात आलंय. ते कवा जाईल, जाईल का न्हाई, मला सांगता याचं न्हाई. म्या तुला घरात ये म्हननार न्हाई आज."

मी हो म्हणालो आणि वळलो. दहा पावलं गेलो असेन.

"नेमू."

मी थांबलो.

"येत जा. मला बोलाय येनार न्हाई, पन तू येत जा."

"शनिवारी येतो," मी म्हणालो.

ते खोऱ्याला लागलेला चिखल काढत होते. वर न बघता म्हणाले, "सकाळच्या गाडीनं ये. दुपारी लय ऊन असतंय."